लिंक की फाईल? एका मंचावरून दुसऱ्या मंचावर जाणाऱ्या व्हिडिओची गोष्ट

आजचे युग हे माहितीचे युग आहे, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ आता आपल्या मनाला स्पर्श करीत नाही. पूर्वी एखादी गोष्ट चार गावांना कळवायची असेल तर हँडबिले छापावी लागत, भिंती रंगवाव्या लागत, माणूस पाठवावा लागे. आज यूट्यूबवर पाहिलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामवरील रील पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर, असा प्रवास अंगठ्याच्या एका स्पर्शाने होतो. हे काम आपण सर्वजण दररोज करतो. परंतु ते करताना नेमके काय घडते, याचा विचार फारच थोडेजण करतात. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढ्याच एका विषयाची मांडणी करणार आहोत.

हा विषय आम्हाला का सुचला, ते आधी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही अभ्यासिकेतील मुलांसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, याचा नऊ मिनिटांचा एक व्हिडिओ तयार करून यूट्यूबवर ठेवला. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, बोनाफाईड, बँकेचे पासबुक ही सगळी यादी त्यात होती. शेवटची तारीखही होती. मुलांना त्याचा उपयोग झाला, आम्हाला समाधान वाटले आणि विषय संपला, असे आम्ही समजलो. पुढच्या वर्षी तोच व्हिडिओ आमच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत आला. कोणीतरी तो डाऊनलोड करून दोन मिनिटांचा केला होता. वरचे शीर्षक नव्हते, वर्ष नव्हते, खाली आम्ही लिहिलेली दुरुस्तीही नव्हती. उरली होती ती फक्त तारीख. आणि ती गेल्या वर्षीची होती. नव्या वर्षीची मुदत त्याआधीच संपत होती. दोन मुले त्या तारखेच्या भरवशावर राहिली. एका मुलाच्या आईने एका दिवसाची मजुरी बुडवून तहसील कार्यालयातून दाखला आणला, तो मुदत उलटून गेल्यावर.

आमचा व्हिडिओ खोटा नव्हता. तो फक्त जुना होता. तो पाठविणाऱ्याचा हेतूही चांगलाच होता. मग चूक कोठे झाली? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला जे समजले ते असे.

दोन वेगळे मार्ग

एका मंचावरील व्हिडिओ दुसऱ्या मंचावर नेण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग लिंकचा, दुसरा फाईलचा. दिसायला दोन्ही सारखेच; परंतु त्यांच्यात घराचा पत्ता देणे आणि घरातील वस्तू उचलून देणे, इतका फरक आहे.

व्हिडिओखालचे ‘शेअर’ बटण दाबून आपण यूट्यूबची लिंक पाठवितो तेव्हा व्हिडिओ जागचा हलत नाही. पाहणारा त्या पत्त्यावर जातो आणि तेथे त्याला व्हिडिओबरोबर आणखी पुष्कळ काही दिसते. तो कोणी ठेवला, कोणत्या दिवशी ठेवला, त्याचे शीर्षक काय, खाली काय लिहिले आहे, हे सारे तेथे असते. ठेवणाऱ्याने नंतर दुरुस्ती लिहिली असेल तर तीही दिसते. त्याने व्हिडिओ काढून टाकला असेल तर तो दिसतच नाही.

फाईल पाठविली की गोष्ट बदलते. शीर्षक, चॅनेलचे नाव, तारीख आणि खालचा मजकूर हे चित्राच्या आत नसते. ते मंचाच्या नोंदवहीत चित्राच्या शेजारी लिहिलेले असते. फाईल उचलली की चित्र आणि आवाज तेवढे हाती येतात, नोंदवही मागेच राहते. आमच्या व्हिडिओचे नेमके हेच झाले. दुरुस्ती आम्ही केली होती. पण ती मूळ घरी राहिली आणि प्रत गावभर फिरली.

म्हणून फाईल वाईट आणि लिंक चांगली, असा सरसकट निर्णय मात्र देता येणार नाही. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली, तेव्हा आपल्या देशात टिकटॉकच्या लिंक उघडेनाशा झाल्या. ज्यांनी आपल्या कलेच्या फाईली जपून ठेवल्या होत्या, त्यांच्याजवळच त्या राहिल्या. तसेच जेथे नेटवर्क येते-जाते, तेथे एकदा उतरवून घेतलेली फाईलच कामी येते. सारांश, जपून ठेवण्यासाठी फाईल आणि पसरविण्यासाठी लिंक, असा विवेक ठेवावा.

झेरॉक्सची झेरॉक्स

परीक्षेच्या काळात नोट्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढताना अक्षरे कशी पुसट होत जातात, हे विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही. व्हिडिओचेही तसेच होते. कारण थोडे गणिताने समजून घेऊ.

नेहमीच्या फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात. म्हणजे एका चित्रात सुमारे २१ लाख बिंदू झाले. प्रत्येक बिंदूचा रंग लिहायला तीन बाईट धरले आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर एका मिनिटाच्या व्हिडिओला सुमारे ११ जीबी जागा लागेल. प्रत्यक्षात आपला मोबाईल तोच एक मिनिट साधारण ६० ते १३० एमबीमध्ये बसवितो. ही किमया दाबून बसविण्याच्या तंत्राची आहे. त्यातील एच.२६४ नावाची पद्धत २००३ साली प्रमाण म्हणून आली आणि ती आजही सर्वत्र वापरात आहे. भिंतीपुढे उभा राहून वक्ता बोलत असेल तर भिंत प्रत्येक चित्रात नव्याने लिहीत नाहीत. ती एकदा लिहितात आणि पुढे ओठ, हात असे जे हलते तेवढेच नोंदवितात. डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकतात. एकदा गाळलेले मात्र पुन्हा परत येत नाही.

व्हिडिओ नव्या मंचावर चढविला की तो मंच आपल्या नियमाप्रमाणे तो पुन्हा दाबतो, म्हणजे आणखी काही गाळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवायच्या व्हिडिओला अनेक वर्षे १६ एमबीची मर्यादा होती, त्यामुळे फळ्यावरचे अक्षर वाचता येत नसे. २०२२ मध्ये २ जीबीपर्यंतची फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठविण्याची सोय झाली आणि २०२३ मध्ये एचडीचा पर्याय आला. डॉक्युमेंट म्हणून पाठविलेली फाईल दाबली जात नाही, जशीच्या तशी पोचते. ज्यांना तासाचे चित्रीकरण पाठवायचे आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नुसते फॉरवर्ड केले तर सहसा तीच फाईल पुढे जाते. झीज होते ती मंच बदलताना, कापताना आणि स्क्रीन रेकॉर्डिंग करताना.

आकाराचाही प्रश्न आहेच. यूट्यूबचा नेहमीचा व्हिडिओ आडवा, तर रील उभी. आडवे चित्र पूर्ण उंची ठेवून उभ्या चौकटीत कापले तर रुंदीचा एक-तृतीयांशाहूनही कमी भाग उरतो. शिक्षक दिसतात आणि फळा जातो!

मंच एकमेकांना दार का उघडत नाहीत?

पुष्कळांना असे वाटते की हे सर्व मंच म्हणजे एकाच इंटरनेटच्या खोल्या आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. ह्या कंपन्या परस्परांच्या स्पर्धक आहेत. आपण त्यांच्याकडे जितका वेळ घालवू, तितक्या जाहिराती त्या आपल्याला दाखवू शकतात. म्हणून पाहुणा आपल्या घरातून दुसऱ्याच्या घरी जाऊ नये, अशी प्रत्येकाची खटपट असते. डिसेंबर २०१२ मध्ये इन्स्टाग्रामने आपली छायाचित्रे ट्विटरवर थेट दिसण्याची सोय काढून घेतली. उरली ती फक्त लिंक. टिकटॉकवरून उतरविलेल्या व्हिडिओवर टिकटॉकचे चिन्ह उमटलेले असे. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केले की, दुसऱ्या अ‍ॅपचे चिन्ह असलेल्या रील्सची शिफारस कमी केली जाईल. ह्या ओढाताणीमुळे लोक चिन्ह कापून, नाव पुसून व्हिडिओ चढवू लागले. नाव पुसले गेले की बनविणाऱ्याचे श्रेय जाते आणि पाहणाऱ्याच्या हातून खरे-खोटे तपासण्याचा धागाही निसटतो.

धागा निसटला की काय होते?

येथे आम्हाला एक दुःखद घटना आठवते. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाच्या लहानशा गावी सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे भिक्षेसाठी गेली होती. मुले पळविणारी टोळी आली, ह्या संशयावरून जमावाने पाच जणांना मारहाण करून ठार केले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाची खोलीही त्यांना वाचवू शकली नाही. पिढ्यान् पिढ्या भटकंती करून पोट भरणाऱ्या ह्या माणसांचा गुन्हा एवढाच की, ती त्या गावाला अनोळखी होती.

त्या वर्षी मुले पळविणाऱ्या टोळ्यांची अफवा देशाच्या अनेक राज्यांत मोबाईलवरून पसरली होती आणि अनेक ठिकाणी निरपराध माणसे मारली गेली. ह्या लाटेत फिरलेला एक व्हिडिओ पुढे फार चर्चेत आला. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवर दोघे येतात आणि एका मुलाला उचलून पळतात, एवढेच त्यात दिसे. मूळ व्हिडिओ पाकिस्तानातील कराचीच्या एका बालकल्याण संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी मुद्दाम अभिनय करून बनविला होता. त्याच्या शेवटी तेच मोटारसायकलस्वार परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असा फलक धरतात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. मुलांना वाचविण्यासाठी बनविलेली गोष्ट माणसे मारण्याच्या कामी आली. मूळ लिंक फिरली असती, तर शेवटही फिरला असता.

ह्या घटनांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये आलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण सुरू केली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून, अनेक हातांतून आलेला, दुहेरी बाणाची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. दुहेरी बाण दिसला की समजावे, पाठविणारा ओळखीचा असला तरी सांगणारा ओळखीचा नाही. २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरील मजकूर पाठविणारा व घेणारा यांच्याशिवाय कोणालाही, खुद्द कंपनीलाही वाचता येत नाही. हे आपल्या खासगीपणाच्या दृष्टीने चांगलेच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, वाटेत तपासणारा कोणी नाही. तपासणी करायची ती आपणच, पाठविण्यापूर्वी.

परवानगी आणि कायदा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार व्हिडिओवर हक्क असतो. खासगी अभ्यास, समीक्षा, वृत्तांकन अशा कारणांसाठी त्याचा रास्त वापर करण्यास कायद्यात वाव आहे. परंतु दुसऱ्याचा पूर्ण व्हिडिओ उतरवून आपल्या नावाने चढविणे हा रास्त वापर नव्हे. शेअर बटणाने लिंक पाठविण्यात ही अडचण येत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ई प्रमाणे कोणाचेही खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय टिपणे, प्रसिद्ध करणे वा पाठविणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मी बनविला नाही, फक्त पुढे पाठविला, ही सबब तेथे चालत नाही. लहान मुलांचे चेहरे असलेले व्हिडिओ तर पालकांना विचारल्याशिवाय घराबाहेर जाऊच देऊ नयेत.

आपण काय करावे?

अनुभवातून आम्ही स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत. सूचनेचा व्हिडिओ बनविताना वर्ष आणि संस्थेचे नाव चित्राच्या आतच, सुरुवातीला व शेवटी, मोठ्या अक्षरांत लिहावे. म्हणजे फाईल कोठेही गेली तरी ते बरोबर जाईल. शेवटची तारीख तोंडी सांगण्याऐवजी ती कोठे पाहावी ते सांगावे. पाठविताना शक्यतो लिंकच पाठवावी आणि दोन ओळी आपल्या लिहाव्यात : हे काय आहे, केव्हाचे आहे, कोणी केले आहे. आलेली फाईल पुढे पाठविण्यापूर्वी ती शेवटपर्यंत पाहावी. संशय आला तर त्यातील एका दृश्याचा स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्समध्ये टाकावा; तेच दृश्य पूर्वी कोठे आले होते, ते बरेचदा सापडते. आणि मूळ सापडलेच नाही, तर तो व्हिडिओ आपल्यापाशीच थांबवावा.

त्या दोन मुलांपैकी एकाने पुढच्या वर्षी आमच्याबरोबर बसून नवा व्हिडिओ बनविला. सुरुवातीलाच त्याने मोठ्या अक्षरांत वर्ष लिहिले आणि आम्हाला म्हणाला, “सर, आता कोणी कापला तरी हे कापता येणार नाही, मी ते शेवटपर्यंत कोपऱ्यात ठेवले आहे.” आम्हाला सुचायला हवे होते ते त्याला सुचले. आपल्या हातातला मोबाईल हे आता प्रत्येकाचे छापखान्याचे यंत्र झाले आहे. छापखान्याचा मालक जसा मजकुराखाली आपले नाव छापतो आणि त्याची जबाबदारी घेतो, तशी जबाबदारी आपण प्रत्येक शेअरच्या वेळी घेतली, तर ह्या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.