डिपॉझिट म्हणजे आपले पैसे नव्हेत!

घरात कुणाचं ऑपरेशन झालं, पाय मोडला की व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड अशा वस्तूंची गरज पडते. दोन-चार महिन्यांसाठी त्या विकत घ्यायच्या आणि मग माळ्यावर धूळ खात ठेवायच्या, त्यापेक्षा भाड्याने आणलेल्या बऱ्या! म्हणूनच नेरुळमध्ये आम्ही बचत गटातल्या सहाजणींनी २०१८ मध्ये हे काम सुरू केलं. दुकान नाही, पाटी नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचे, डिपॉझिट ऑनलाइन घ्यायचं आणि वस्तू रिक्षात घालून पोचवायची. एकीची तळमजल्यावरची खोली हेच आमचं गोदाम.

भाडं आणि डिपॉझिट एकाच खात्यात जमा व्हायचं. ते वेगळं ठेवावं, असं कुणालाच सुचलं नाही. खात्यात पैसे दिसले की आम्ही खूश!

मग २०२१ चा एप्रिल आला. करोनाची दुसरी लाट. दिवसरात्र एकच फोन, ‘ताई, ऑक्सिजनचं मशीन आहे का हो?’ आमच्याकडे चारच मशीन होती, चारही बाहेर गेलेली. प्रत्येकी १५ हजार डिपॉझिट होतं. त्यातलेच ५० हजार काढून आम्ही पाचवं मशीन घेतलं. हेतू चांगलाच होता. पण जूनमध्ये एकाच आठवड्यात चार मशीन परत आली. द्यायचे होते ६० हजार आणि पाचव्या मशीनचं डिपॉझिट धरूनही खात्यात जेमतेम २५ हजार! भाड्याचे पैसे नळ्या, दुरुस्ती आणि रिक्षात संपलेले.

त्या चौघांत कोपरखैरण्याच्या एक वहिनी होत्या. त्यांचे यजमान गेले होते. तरी मशीन स्वच्छ पुसून, नळी नीट गुंडाळून त्यांनी आणून दिलं. म्हणाल्या, ‘मुलीची फी भरायची आहे, तेवढं डिपॉझिट टाकाल ना?’ मी म्हटलं, ‘उद्या टाकते.’ असे चार ‘उद्या’ गेले. पाचव्या दिवशी त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, ‘ताई, ते पैसे आमचेच आहेत ना हो?’

मला काही बोलताच आलं नाही. त्याच दिवशी मी माझी आरडी मोडली, दोघी मैत्रिणींनी भर घातली आणि चौघांचे पैसे दिले. समाजसेवा म्हणून मिरवणारी मी, पण एका विधवेला तिच्याच पैशांसाठी ताटकळत ठेवलं होतं.

तेव्हापासून आम्ही काही नियम केले. कपडे, दागिने, केटरिंगची भांडी भाड्याने देणाऱ्या मैत्रिणींनाही ते उपयोगी पडतील.

पहिला नियम, डिपॉझिटचं खातं वेगळं. त्यातून फक्त डिपॉझिट परत जाणार, खरेदी नाही. जीएसटी कायद्यातही डिपॉझिट हे मोबदला धरलं जात नाही, जोपर्यंत आपण ते भाड्यात किंवा बिलात वळतं करत नाही. म्हणजे कायद्यालाही ती आपली कमाई वाटत नाही!

दुसरा, वस्तू देताना आणि घेताना फोटो काढायचे, दोन्ही बाजूंचे. ‘हा ओरखडा आधीच होता’ हा वाद तिथेच मिटतो.

तिसरा, अटी आधीच लिहून पाठवायच्या. भाडं किती, उशीर झाला तर किती, काय मोडलं तर किती कापणार. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे वस्तू नेणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूइतकीच जपायला हवी. पण त्याच कायद्यात भरपाई वाजवी असावी असंही आहे. वापरून चाक झिजलं, रंग उडाला, तर त्याचे पैसे कापायचे नाहीत. त्यासाठीच तर आपण भाडं घेतो ना! खरंच काही मोडलं, तर दुरुस्तीची पावती दाखवून तेवढेच कापायचे.

चौथा, मूळ आधार कार्ड ठेवून घ्यायचं नाही. शेवटचे चारच आकडे दिसणारी आधारची प्रत मिळते, तीही चालते.

पाचवा, फसव्यांपासून सावध! ‘डिपॉझिट पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका,’ असा फोन आमच्या एका काकूंना आला होता. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. हे आठवल्यामुळे काकू वाचल्या. चुकून कुणी फसलंच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आणि सहावा नियम माझा स्वतःचा. वस्तू तपासली की माणूस दारात उभा असतानाच पैसे परत करायचे. आमच्याकडे परत येणाऱ्या वस्तूंमागे कधी बरं झाल्याचा आनंद असतो, तर कधी घरातलं माणूस गेल्याचं दुःख. कुठलं घर कशातून गेलंय, हे आपल्याला ठाऊक नसतं. अशा वेळी निदान त्यांच्याच पैशांसाठी त्यांना पुन्हा फोन करावा लागू नये, एवढं तर आपण करूच शकतो.