बुडत्याच्या हाकेला वेळेत कोण पोहोचणार?

बीड जिल्ह्यापासून समुद्र फार दूर. दुष्काळ, ऊसतोड आणि टँकर या शब्दांनीच ज्याची ओळख करून दिली जाते, त्या जिल्ह्याच्या निमित्ताने जीवरक्षक नौकांविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे आमचे वाचक विचारतील. ते प्रयोजन माजलगावच्या धरणाने दिले आहे.

१८ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी, सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणात पोहण्यास गेलेले एक डॉक्टर बुडाले. स्थानिकांनी शोध घेतला, पण ते सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून बचावपथक आले. त्यातील जवान पाठीवर सिलिंडर बांधून खोल पाण्यात उतरले आणि तळाशी असलेल्या मासेमारीच्या जाळ्यांत अडकले. एकाला वाचविण्यात यश आले. दुसरा तरुण जवान मात्र तेथेच मृत्युमुखी पडला. ज्याला कधी पाहिले नव्हते अशा माणसाचा शोध घेताना त्याने स्वतःचे प्राण गमावले.

या घटनेत धैर्याची उणीव कोठेच नव्हती. उणीव होती ती वेळेची. पाण्याखाली गेलेल्या माणसाच्या मेंदूला साधारण चार ते सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, तर कायमची इजा होऊ लागते. कोल्हापूरहून माजलगावला येण्यास कित्येक तास लागतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याहून निघाली, तरी तिलाही तासांचाच हिशेब करावा लागतो. बाहेरून येणारे पथक कितीही कुशल असो, बहुधा त्याच्या वाट्याला बुडालेल्याचा देह शोधण्याचेच काम येते. जिवंत माणूस वाचवायचा असेल, तर वाचविणारा त्याच काठावरचा असावा लागतो.

हे सत्य समुद्रकाठच्या लोकांना दोनशे वर्षांपूर्वीच उमगले. आयरिश समुद्रातील मॅन बेटावर राहणारे सर विल्यम हिलरी वादळात फुटणारी गलबते आणि किनाऱ्यावरून असहायपणे पाहणारे लोक नेहमी पाहत असत. त्यांनी देशाला आवाहन केले आणि १८२४ साली लंडनमध्ये जी संस्था उभी राहिली, तीच आजची ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’. हिलरी केवळ आवाहन करून थांबले नाहीत. १८३० साली, साठीच्या उंबरठ्यावर असताना, ‘सेंट जॉर्ज’ या आगबोटीवरील लोकांना सोडविण्यासाठी ते स्वतः नावेतून गेले. लाटेने समुद्रात फेकले जाऊन त्यांच्या बरगड्या मोडल्या, तरी आगबोटीवरील सर्व बावीस जण वाचले.

या संस्थेच्या दोनशे वर्षांच्या वाटचालीत १ लाख ४६ हजारांहून अधिक जीव वाचले आहेत. ब्रिटन व आयर्लंडच्या किनाऱ्यांवर आज तिची २३८ केंद्रे आहेत. ती मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिच्या नौकांवरील बहुसंख्य माणसे वेतन घेत नाहीत. कोणी पाव भाजणारा, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. कमरेचा पेजर वाजला की हातातले काम तसेच टाकून ते केंद्राकडे धावतात. नाव सोडायची की नाही, हे गर्दी ठरवीत नाही. त्यासाठी नेमलेली एक जबाबदार व्यक्ती असते. समुद्रावर गेल्यावर तांडेलाचा शब्द अखेरचा. सराव नियमितपणे होतो, मग संकट आलेले असो वा नसो. आम्हाला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. संकट येण्यापूर्वीच, शांत पाण्यावर, कोणी काय करायचे हे ठरलेले असते.

हे शहाणपण स्वस्तात आलेले नाही. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी इंग्लंडमधील व्हिट्बी बंदरात एकाच वादळात अनेक जहाजे किनाऱ्यावर आदळली. तेथील स्वयंसेवक दिवसभर पुन्हा पुन्हा नाव घेऊन गेले आणि प्रत्येक वेळी माणसे घेऊन परतले. शेवटच्या फेरीत नाव उलटली आणि तेरापैकी बारा जण बुडाले. जो एकटा वाचला, त्याच्या अंगात बुचाच्या लाकडाचे नव्या पद्धतीचे जाकीट होते. आज आपण ज्याला लाइफ जॅकेट म्हणतो त्याची गरज त्या दिवशी साऱ्यांना पटली. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात, तेही याच तत्त्वावर. मात्र वाचवायला निघालेला मोठा माणूस डबा बांधून घेत नाही. त्याला त्याची लाज वाटते!

१९ डिसेंबर १९८१ची पेन्ली येथील घटनाही सांगण्यासारखी आहे. माउसहोल या लहानशा गावातील आठ स्वयंसेवक ‘सॉलोमन ब्राउन’ ही नाव घेऊन ‘युनियन स्टार’ जहाजाकडे गेले. जहाजावरील आठ आणि नावेतील आठ, असे सोळाही जण गेले. निघताना तांडेलाने एका तरुणाला परत पाठविले होते. त्याचे वडील आधीच नावेत होते आणि अशा रात्री एकाच घरातील दोघांना नेण्यास तांडेल तयार नव्हता. त्या दुर्घटनेनंतर एका दिवसाच्या आत नवी तुकडी भरेल इतकी माणसे त्याच गावातून पुढे आली.

भारतात समुद्रावरील शोध व बचावाचे काम १९७७ साली स्थापन झालेल्या तटरक्षक दलाकडे आहे. संकटात सापडलेल्या नौकेसाठी त्याचा दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे. स्वयंसेवकांची देशव्यापी नौका-संस्था मात्र आपल्याकडे नाही. तरीही असे काम घडले, आणि तेही भर वस्तीत. ऑगस्ट २०१८च्या महापुरात केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांनी आपल्या बोटी ट्रकवर चढवून चेंगन्नूर, पत्तनमतिट्टा अशा आतल्या भागांत नेल्या. तिरुवनंतपुरम व कोल्लमच्या किनाऱ्यावरील कॅथलिक मच्छीमार धर्मग्रामांतून हाक गेली आणि एका रात्रीत बोटी निघाल्या. इतर धर्मांचे मच्छीमारही तितक्याच तत्परतेने गेले. केरळ सरकारच्या अंदाजाप्रमाणे त्यांनी सुमारे ६५ हजार लोकांना बाहेर काढले. सरकारने बोटींसाठी दररोज तीन हजार रुपये देऊ केले, तेव्हा काहींनी माणसे वाचविण्याचे पैसे घेणार नाही असे सांगितले. समुद्राचे हे जाणकार गल्लीबोळांत परके होते. भिंती, फाटके आणि विजेच्या तारा चुकवीत कोठून जायचे, हे त्यांना त्या त्या गावच्या रहिवाशांनीच दाखविले.

आता पुन्हा बीडकडे येऊ. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. माजलगाव आणि मांजरा ही मोठी धरणे आहेत. शिवाय लहान तलाव, शेततळी व विहिरी आहेतच. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत आष्टीसारख्या एरवी तहानलेल्या तालुक्यात पुराने वेढलेल्या माणसांना काढण्यासाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले. ज्या भागात पाणी क्वचित येते, तेथे पोहता येणारेही थोडेच असतात. म्हणून तेथे पाणी अधिक घातक ठरते. आमच्या मते धरणावर जाळे टाकणारे भोई बांधव हे या जिल्ह्याचे पहिले जीवरक्षक होऊ शकतात. बुडालेल्या बाभळी कोठे आहेत, गाळ कोठे आहे, जाळी कोठे लावली आहेत, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली सुरू केलेली ‘आपदा मित्र’ योजना अशाच स्थानिक स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यासाठी आहे. २०२१नंतर ती देशातील ३५० जिल्ह्यांसाठी विस्तारण्यात आली. आपल्या धर्मग्रामातील पोहता येणाऱ्या तरुणांनी तहसील कार्यालयात जाऊन तिची चौकशी करावी, असे आम्ही सुचवू.

ज्यांना पोहता येत नाही, त्यांच्याही हाती पुष्कळ आहे. कोणी बुडताना दिसल्यास पाण्यात उडी टाकू नका. घाबरलेला माणूस वाचविणाऱ्यालाच मिठी मारून खाली ओढतो. आधी मोठ्याने हाक मारून माणसे जमवा. मग काठावर पालथे पडून काठी, दोर किंवा साडी त्याच्याकडे टाका. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकला, तर तो माणसाला तरंगत ठेवतो. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे हे खेडोपाडीचे उपाय पूर्णपणे चुकीचे आहेत. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. त्याला पाठीवर निजवून श्वास चालू आहे का ते पाहावे. नसल्यास हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून, तोंडाने प्रथम पाच वेळा श्वास द्यावा. त्यानंतर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने व जलद तीस दाब, मग दोन श्वास, पुन्हा तीस दाब, असा क्रम रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावा. १०८ क्रमांक कोणीतरी फिरविलाच असेल असे समजू नये. जमलेल्यांपैकी एकाला नावाने हाक मारून ते काम सांगावे.