हुंकार

आजीच्या गोष्टीला पूर्वापार एक अट असते : ऐकणाऱ्याने हुंकार दिला पाहिजे. मुलांनी 'हं', 'मग?', 'पुढे काय झाले?' असे म्हणत राहावे, तेव्हाच गोष्ट पुढे सरकते. अंधारात आजीला मुलांचे चेहरे दिसत नाहीत; कोण जागे आहे आणि कोण निजले, हे तिला त्या एका अक्षरावरूनच कळते. एखादी चतुर आजी मध्येच 'मग राजाने डोंगर खिशात घातला' असे म्हणून पाहते. त्यावरही निमूटपणे 'हं' आले, तर तो हुंकार झोपेतला समजावा!

पोवाड्यात हेच काम झीलकरी करतात. शाहिराचे कडवे संपताच ते मागून 'जी जी जी' असा सूर उचलून धरतात. तेवढ्यात शाहिराला दम घेता येतो आणि श्रोत्यांचा उत्साहही ओसरत नाही. ग्रंथकारांनीही श्रोत्यांचा हा वाटा ओळखला होता. समर्थ रामदास १६०८ साली आजच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी जन्मले. त्यांच्या 'दासबोधा'चा आरंभच श्रोत्यांच्या प्रश्नाने होतो. एवढा मोठा उपदेश करावयाचा, पण आधी ऐकणाऱ्याला बोलू दिले!

सभेतला हुंकार म्हणजे अनुमोदन. ग्रामसभेत ठराव मांडणारा तो सूचक आणि त्याला उघडपणे पाठिंबा देणारा तो अनुमोदक; इतिवृत्तात दोघांचीही नावे लिहितात. स्नेहसंमेलनात मात्र पुष्कळ मुले अनुमोदनाचे वाक्य एका दमात म्हणून घाईने खाली बसतात, जणू तो नुसता उपचारच आहे.

तसे ते नाही. समजा, वर्गात एखादी अबोल मुलगी धीर करून म्हणाली, "बाटल्यांत उरलेले पाणी आपण रोपांना घालू या." जालन्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात ही सूचना कोणाला पटणार नाही? परंतु पटलेली मुले गप्प बसतात आणि न पटलेला एकटाच मोठ्याने बोलतो. मग त्या एकाचे मत साऱ्या वर्गाचे वाटू लागते, आणि ती मुलगी पुन्हा काही सुचवीत नाही.

म्हणून होयबा व्हावे, असे नाही. सूचनेतले अर्धेच पटले असेल, तर तेवढेच पटले म्हणावे. पण ते तिला ऐकू जाईल असे म्हणावे : "मलाही हे पटते. बादली मी आणतो."