पिंग चालतंय, पण ट्रेसरूटमध्ये नुसत्या चांदण्या? घाबरू नका, आधी हे तपासा

मागच्या पावसाळ्यात मी निडीला घरून काम करत होतो. ऑफिसचा व्हिडिओ कॉल सारखा तुटत होता. विंडोज लॅपटॉपवर ८.८.८.८ ला पिंग केलं, उत्तर आलं. मग 'ट्रेसर्ट' चालवलं तर प्रत्येक ओळीत तीन चांदण्या आणि फक्त शेवटच्या ओळीत ८.८.८.८. मी लगेच इंटरनेटवाल्याला फोन करून "तुमची लाईन मध्येच मेली आहे" असं ठणकावलं. बिचारा वायरमन भर पावसात खांबावर चढला. लाईन ठणठणीत होती. चूक माझी होती.

ट्रेसरूट काम कसं करतं?

समजा, निडीहून पेणला गाडी निघाली. वाटेत नागोठणे, कासू आणि मग पेण. पहिल्या प्रवाशाला एकाच स्टेशनचा पास दिला. तो नागोठण्यात उतरवला जातो आणि तिथून निरोप येतो, "पास इथे संपला." दुसऱ्याला दोन स्टेशनांचा पास दिला, तर निरोप कासूहून येतो. असे निरोप जोडत गेलं की सगळा रस्ता कळतो.

या पासला टीटीएल म्हणतात. प्रत्येक राउटर त्यातून १ वजा करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून देतो आणि 'टाइम एक्सीडेड' हा निरोप पाठवतो. पिंगला मात्र मधल्या स्टेशनांशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त शेवटच्या ठिकाणाचं 'इको रिप्लाय' हवं असतं. म्हणजे निरोप दोन वेगळ्या प्रकारचे आहेत. एक अडला तरी दुसरा येऊ शकतो.

मग स्विच का दिसत नाही?

घरातला साधा स्विच म्हणजे रेल्वे फाटक. गाडी तिथून जाते, पण पास कोणी तपासत नाही. टीटीएल कमी होत नाही, म्हणून तो यादीत कधीच येत नाही. तो बिघडलाय असा अर्थ काढू नका.

चांदण्या कशा वाचायच्या?

१. मध्येच चांदण्या, पण शेवटचं ठिकाण दिसतंय: बहुतेक वेळा काळजी नाही. काही राउटर असे निरोप पाठवतच नाहीत किंवा मोजकेच पाठवतात.

२. पहिल्या ओळीपासून चांदण्या, शेवट मात्र दिसतोय: आपल्याच मशीनची फायरवॉल 'टाइम एक्सीडेड' अडवत असेल. त्याच वायफायवर दुसऱ्या मोबाईल किंवा लॅपटॉपवरून करून बघा.

३. लिनक्स किंवा मॅकवर शेवटच्या ओळीपर्यंत चांदण्या, पिंग मात्र चालू: तिथलं ट्रेसरूट सहसा यूडीपी पॅकेट पाठवतं आणि वाटेतली फायरवॉल ती अडवू शकते. कमांडला डॅश आणि कॅपिटल 'आय' जोडा, म्हणजे ते पिंगसारखीच पॅकेट पाठवेल. विंडोजचं ट्रेसर्ट मुळातच तशी पाठवतं.

माझी केस दुसऱ्या प्रकारची निघाली. मोबाईलवर तेच केलं तर मधले राउटर व्यवस्थित दिसले. ऑफिसच्या लॅपटॉपची फायरवॉल निरोप अडवत होती.

मग कॉल का तुटत होता?

हे मी सगळ्यात आधी बघायला हवं होतं. घरातल्या राउटरलाच, म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग केलं, तर वेळ कधी ३ मिलिसेकंद, कधी ३००! केबलने स्विचला जोडल्यावर १ मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे दोष वायफायचा होता. राउटर लोखंडी कपाटामागे ठेवलेला होता. तो बाहेर काढला, कॉल सुरळीत.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी घरच्या राउटरला पिंग, मग बाहेर पिंग, मग दुसऱ्या डिव्हाइसवरून ट्रेसरूट आणि त्यानंतरच तक्रार. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो, तो बऱ्याच फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये 'गेटवे' म्हणून दिसतो.

त्या वायरमन दादांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.