मॅग्नम काडतुसे आणि प्रचलित शिकारी कॅलिबर : एक तौलनिक विवेचन

प्रस्तावना :

अमेरिका, कॅनडा, स्वीडन इत्यादी देशांत मोठ्या वन्यप्राण्यांची परवानाधारक शिकार आजही केली जाते. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे छंद म्हणून होणारी शिकार संपुष्टात आली. त्यामुळे मराठी वाचकास हा विषय काहीसा परका वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्यात पदार्थविज्ञान, बाजारपेठ आणि नीती या तिन्ही बाजू एकत्र आल्या आहेत. गोळी लागूनही जनावर जागीच न कोसळता रानात निसटले, तर त्याचा मृत्यू दीर्घकाळ यातनांत होतो. हे टाळण्यासाठी अधिक शक्तीचे काडतूस हवे, हा मॅग्नमच्या बाजूने होणारा प्रमुख युक्तिवाद होय. तो कितपत टिकतो, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

संज्ञेचा उगम :

'मॅग्नम' हा मूळ लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ 'मोठे' असा आहे. दीड लिटरची, म्हणजे नेहमीच्या दुप्पट मापाची मद्याची बाटली या नावाने ओळखली जाते. काडतुसातही तेच तत्त्व आहे : गोळीचा व्यास तोच, मात्र मागील पितळी कवच मोठे व त्यात दारू अधिक. (मराठीत दोन्ही पदार्थांना 'दारू' हाच शब्द आहे, हा योगायोग समर्पक म्हणावा लागेल.) लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये आणलेल्या .३७५ मॅग्नमच्या कवचाला बुडाशी एक जाड कडे होते. त्या कवचाचा खांदा फार उतरता असल्याने काडतूस नळीत नेमक्या जागी टेकण्यासाठी त्याची गरज होती. पुढील अनेक मॅग्नम काडतुसांना पुरेसा खांदा असूनही हे कडे कायम राहिले. ते आता यंत्रशास्त्रापेक्षा ओळखचिन्हाचेच काम अधिक करते. अमेरिकेत १९४० च्या दशकात रॉय वेदरबी यांनी अतिवेगाचा पुरस्कार केला. १९६२ मध्ये ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम व १९६३ मध्ये.३०० विंचेस्टर मॅग्नम बाजारात आले.

वेग आणि त्याची किंमत :

तुलनेसाठी १९०६ पासून प्रचारात असलेले .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे काडतूस घेणे सोयीचे ठरते, कारण त्याच्या व .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या गोळीचा व्यास एकच आहे. १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅमची गोळी .३०-०६ मधून सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने सुटते. मॅग्नममधून साधारण ९०० मीटर. वेगातील वाढ दहा टक्क्यांच्या आसपास. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे ३,९५० ज्यूलवरून ४,७०० ज्यूलवर, म्हणजे वीसएक टक्क्यांनी वाढते. त्यासाठी दारू मात्र सव्वापट लागते आणि सारख्याच वजनाच्या रायफलीत खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. त्याच व्यासाच्या नळीतून जास्त तप्त वायू जात असल्याने नळीची झीजही लवकर होते.

या वाढीचा प्रत्यक्ष उपयोग काय? मॅग्नमची गोळी सुमारे शंभर मीटर गेल्यावर तिचा वेग .३०-०६ च्या सुरुवातीच्या वेगाइतका उरतो. म्हणजे पदरी पडतो तो शंभरएक मीटरचा अधिक पल्ला. दोन्ही रायफली २०० यार्डांवर जुळवल्या असता ३०० यार्डांवर गोळीच्या घसरणीतील फरक चारएक सेंटिमीटरचा, तर ४०० यार्डांवर दहाएक सेंटिमीटरचा असतो. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग वीस ते पंचवीस सेंटिमीटर रुंद असतो, हे लक्षात घेता पहिला फरक नगण्य आहे, दुसरा नाही. परंतु चारशे यार्डांवर नेम धरण्याइतका सराव असणारे शिकारी थोडेच. उलट जबर धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच अंग आखडते आणि नेम चुकतो. जनावर जखमी होण्याचे हे कारण काडतुसाच्या तक्त्यात कधीच छापलेले नसते.

गोळीची रचना :

वेगाचा आणखी एक दोष १९४६ मध्ये जॉन नॉस्लर यांच्या अनुभवास आला. कॅनडात मूस या विशाल सांबरवर्गीय प्राण्याची शिकार करताना त्यांच्या .३०० मॅग्नमच्या गोळ्या खांद्यावरच फुटल्या, आत शिरल्याच नाहीत. त्यांनी काडतूस बदलले नाही, गोळी बदलली. तांब्याच्या आवरणात मध्ये आडवी भिंत ठेवून शिशाचे दोन भाग केले. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत जातो. 'पार्टिशन' नावाने ती पुढे विख्यात झाली. अशा उंची गोळ्या आज साध्या कॅलिबरमध्येही मिळतात, आणि तेथेच मॅग्नमचा बराचसा दावा निष्प्रभ होतो. अपवाद निव्वळ तांब्याच्या गोळ्यांचा. शिशाच्या विषबाधेमुळे गिधाडवर्गीय काँडोर पक्षी मरत असल्याने कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तांबे कठीण असल्याने फुलण्यास वेग लागतो आणि दूरच्या पल्ल्यावर मॅग्नमला तो खरा लाभ मिळतो.

अनुभवाची साक्ष :

जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बी रायफल मूलतः ७ मिलिमीटर माऊझर काडतुसाची होती. आजच्या मापाने ते मध्यम काडतूस ठरते. चौगडची वाघीण त्यांनी १९३० मध्ये त्याच रायफलीने मारली. स्वीडनमध्ये मूसच्या शिकारीसाठी १८९४ चे ६.५ × ५५ काडतूस आजही सर्रास वापरले जाते. तेथील नियमानुसार गोळी किमान १० ग्रॅमची असल्यास शंभर मीटरवर २,००० ज्यूल ऊर्जा पुरेशी मानली जाते. मात्र नवख्या शिकाऱ्याला तेथे १९८५ पासून परीक्षा द्यावी लागते आणि तीत नेमबाजीचे प्रात्यक्षिकही असते.