जिल्ह्याचं नाव बदललं, मग ॲपमध्ये काय झालं?

२०२४ साली आपला अहमदनगर जिल्हा अधिकृतपणे अहिल्यानगर झाला. रस्त्यावरच्या पाट्या रंगारी बदलतो. फोनमधल्या पाटीचं काय?

समजा, राहुरीतल्या एखाद्या पोराने कांद्याच्या भावाचं ॲप बनवलंय आणि जिल्ह्याचं नाव कोडमध्ये पन्नास ठिकाणी लिहिलंय. आता बस शोधत! म्हणून बदलू शकणाऱ्या गोष्टी, म्हणजे नावं, भाषा, सर्व्हरचा पत्ता, कोडबाहेर ठेवतात. यालाच कॉन्फिगरेशन म्हणायचं.

गंमत अशी, की वापरणाऱ्याने निवडलेल्या गोष्टी ठेवायचा कोनाडा प्रत्येक घरात वेगळा. अँड्रॉइडवर शेअर्ड प्रेफरन्सेसची एक्सएमएल फाइल, आयफोनवर यूझर डिफॉल्ट्स, ब्राउझरमध्ये लोकल स्टोरेज, विंडोजवर बरेचदा रजिस्ट्री. प्रत्येकासाठी वेगळा कोड कोण लिहीत बसणार? इथे लायब्ररी कामाला येते. फ्लटरमध्ये शेअर्ड प्रेफरन्सेस याच नावाचं पॅकेज आहे, क्यूटीमध्ये क्यूसेटिंग्ज. आपण फक्त म्हणायचं, ‘जिल्हा’ या किल्लीखाली काय आहे ते दे. कुठला कोनाडा उघडायचा ते ती बघते.

पण खरी मेख पुढे आहे. दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने यादीतून ‘अहमदनगर’ निवडलं, फोनने तेच अक्षरशः जपून ठेवलं. नव्या अपडेटमध्ये यादीत ‘अहिल्यानगर’ आहे. जुळत नाही, जिल्हा कोरा, भाव दिसेनात! नव्या माणसाला काहीच त्रास नाही. अडकतो तो सगळ्यात जुना, भरवशाचा वापरणारा. लायब्ररीने तर आपलं काम चोख केलेलं असतं.

म्हणून मी म्हणतो, नाव साठवू नका, न बदलणारा कोड साठवा. गाड्यांवर बघा ना, नाव बदललं तरी एमएच १६ तसंच आहे. (हो हो श्रीरामपूरकर, तुमचं १७! एकाच जिल्ह्यात दोन नंबर, म्हणून आरटीओचा नंबर मात्र जिल्ह्याचा कोड म्हणून उचलू नका.) आणि ज्यांच्या फोनमध्ये जुनं नाव आधीच बसलंय, त्यांच्यासाठी अपडेटनंतर ॲप पहिल्यांदा उघडेल तेव्हा ते वाचा, कोडमध्ये बदला, पुन्हा साठवा. चार-पाच ओळींचं काम आहे.

जाता जाता, पासवर्ड या कोनाड्यात ठेवू नका. त्यासाठी अँड्रॉइडवर कीस्टोर आहे, आयफोनवर कीचेन. त्यावर पुढच्या भागात बोलू.