पसारा काढा, चेहरा राहू द्या

घरात एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या पंचाहत्तरीचा किंवा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरला, की निमंत्रणपत्रिकेसाठी एका चांगल्या छायाचित्राची शोधाशोध सुरू होते. जे सापडते त्यात चेहरा छान आलेला असतो. पण मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे असतात, उशाशी गोळ्यांच्या पट्ट्या असतात, खुर्चीला टेकवलेली काठी असते, क्वचित नाकाशी प्राणवायूची नळीही असते. मग घरातील एखादे तरुण माणूस मोबाइल हाती घेते आणि दोन मिनिटांत सारे स्वच्छ करून देते. कपडे जातात, पट्ट्या जातात. आणि त्याच झपाट्यात आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या, गालावरचा तीळ आणि डोळ्यांखालची सूजही जाते.

या सफाईविषयी एका डॉक्टरने लिहावे याचे आपणांस कदाचित नवल वाटेल. परंतु आमच्या व्यवसायात चेहरा हा वाचण्याचा मजकूर असतो. त्यातील कोणती ओळ खोडली जाते आहे, याकडे आमचे लक्ष जाणारच.

भोवतालचा पसारा निःशंकपणे काढून टाकावा. औषधांच्या पट्ट्या, तपासणीचे अहवाल, लघवीची पिशवी यांना त्या चौकटीत स्थान नाही. ते दिसायला बरे नाही, एवढेच याचे कारण नव्हे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेले छायाचित्र पुढे कोठवर जाईल हे सांगता येत नाही, आणि आपल्या आजाराची वार्ता कोणाला द्यावी हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे. अर्थात नंतर खोडत बसण्यापेक्षा आधी आवरणे सोपे. खुर्ची खिडकीजवळ घ्यावी, उजेड समोरून किंवा बाजूने येऊ द्यावा, मागे मोकळी भिंत असावी. मोबाइल चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला तर नाक मोठे आणि कान मागे ओढल्यासारखे दिसतात. तीन-चार पावले मागे सरून छायाचित्र घ्यावे आणि मग कडा कापाव्यात. कापताना हात मात्र शक्यतो राखावेत. आयुष्यभर पोळ्या लाटलेले किंवा यंत्रावर राबलेले हात चेहऱ्याइतकेच त्या माणसाचे असतात.

आता एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. छायाचित्रासाठी उपचाराची साधने शरीरावरून काढू नका. माझ्याकडे उपचार घेणाऱ्या एका गृहस्थांना फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे घरी प्राणवायू लावावा लागत असे. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला पाहुण्यांचा एकेक गट शेजारी उभा राही आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ‘एकच मिनिट’ म्हणून नळी काढून ठेवी. सातव्या-आठव्या गटापर्यंत त्यांचे ओठ निळसर पडले, बोलणे तुटू लागले, आणि मला बोलावणे आले. नळी पुन्हा लावून त्यांना शांत बसवल्यावर ते सावरले. पण उरलेला सोहळा त्यांनी अंथरुणातूनच पाहिला. छायाचित्रातील नळी नंतर पुसता येते. तसेच काठीचे. ‘क्षणभर तसेच उभे राहा’ या आग्रहापायी तोल गेलेली आणि खुब्याचे हाड मोडलेली व्यक्ती पुढे कित्येक महिने त्या क्षणाची किंमत मोजते. जाता जाता हेही सांगून ठेवतो: प्राणवायू चालू असताना औक्षणाचे तबक जवळ आणू नये, प्राणवायूच्या सान्निध्यात ज्योत क्षणात भडकते. एक्क्याऐंशी दिवे दूर, दुसऱ्या खोलीत उजळावेत. नाहीतर विजेच्या पणत्या वापराव्यात.

चेहऱ्याचे प्रकरण मात्र निराळे आहे. एखाद्याची पापणी खाली आलेली दिसली, की आम्ही विचारतो, जुना फोटो आहे का? निवडणूक ओळखपत्रावरचा, लग्नातला, कोणताही चालेल. वीस वर्षांपूर्वीही पापणी तशीच असेल, तर घाई नसते. गेल्या दिवाळीत ती सरळ असेल, तर तपासण्यांची दिशाच बदलते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या एका विकारात वाढीचे संप्रेरक अधिक स्रवू लागते. जबडा, नाक, ओठ इतक्या सावकाश थोराड होत जातात, की रोज पाहणाऱ्यांच्या ते ध्यानातही येत नाही. चार-पाच वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे ओळीने मांडली, की बदल उघडा पडतो. थायरॉईड मंदावल्याने आलेला फुगीरपणा, कंपवातात हळूहळू मावळत गेलेले हावभाव, पापणीच्या आतल्या कोपऱ्याशी उमटलेले आणि रक्तातील चरबी तपासून घ्या असे सुचवणारे पिवळसर चट्टे, आकार बदलणारा तीळ, हे सारे त्या जुन्या चित्रांत नोंदलेले असते. त्वचा गुळगुळीत करणारी सोय कित्येक मोबाइलमध्ये आधीपासूनच चालू असते. ती बंद करून ठेवा. आणि काहीही सुधारण्यापूर्वी मूळ छायाचित्राची एक प्रत, तारखेसह, वेगळी राखा.

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात दोमेनिको गिर्लान्दायो या फ्लोरेन्सच्या चित्रकाराने 1490 च्या सुमारास रंगवलेले एका वृद्धाचे व त्याच्या नातवाचे चित्र आहे. वृद्धाचे नाक गाठाळ आणि फुगलेले आहे. त्या त्वचाविकाराला आम्ही ऱ्हायनोफायमा म्हणतो, आणि पाचशे वर्षांनंतरही कोणताही डॉक्टर ते निदान चित्रावरून करू शकतो. चित्रकाराला ते नाक सरळ करणे अवघड नव्हते. त्याने ते तसेच ठेवले, आणि नातू त्या चेहऱ्याकडे निर्व्याज मायेने पाहत आहे असे दाखवले. ते नाक गुळगुळीत असते, तर मुलाच्या त्या नजरेला एवढे मोल आले असते, असे मला वाटत नाही.

नातवंडांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. फ्लॅश वापरून घेतलेल्या छायाचित्रात बुबुळे लाल येतात आणि आपण ती काळी करून टाकतो. तसे करण्यापूर्वी नीट पाहा. एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी किंवा पिवळसर झाक दिसत असेल, तर ती पुसू नका. कधी ती केवळ कोनामुळे येते, कधी मोतीबिंदूमुळे. परंतु पाच वर्षांखालील बालकांत प्रामुख्याने आढळणाऱ्या दृष्टिपटलाच्या कर्करोगाचीही ती पहिली खूण असू शकते. ते छायाचित्र घेऊन विनाविलंब नेत्रतज्ज्ञांना भेटा. हा कर्करोग लवकर सापडला तर बालकाचा जीव वाचतो, आणि बहुतेकदा दृष्टीही राखता येते.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांना कात्री चालवण्याचे कौशल्य फार उपयोगी पडते. माणसे ओळखण्यासाठी करावयाच्या वहीत एका पानावर एकच मोठा चेहरा, साधी पार्श्वभूमी आणि खाली ठळक अक्षरांत नाव व नाते असावे. गर्दीतील चेहऱ्यांनी त्यांचा गोंधळ उडतो. छपाई चकचकीत कागदावर नको. त्यावरची तिरीप मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना सोसत नाही. पण गतकाळाच्या गप्पांसाठी जो संग्रह करायचा, त्यातले काहीही कापू नका. मागचा रेडिओ, कोनाड्यातला देव, अंगणातली तुळस यांतूनच बोलणे सुरू होते. पुसट छायाचित्र स्पष्ट करून देणारी नवी साधने जे दिसत नाही ते अंदाजाने भरतात. एका आजींनी असे उजळून आणलेले आपल्या आईचे छायाचित्र पाहून मला विचारले, “ही बाई कोण?” त्यांच्या स्मरणशक्तीत काहीही दोष नव्हता.

शेवटी प्रश्न उरतो तो विचारण्याचा. नळी राहू द्यायची की पुसायची, अर्धांगवायूने वाकडा झालेला ओठ दिसू द्यायचा की चेहरा किंचित वळवायचा, दातांची कवळी लावायची की नाही, हे ज्यांचे छायाचित्र आहे त्यांना विचारा. कोणी म्हणेल, ‘नळी असू दे, तिनेच मला येथवर आणले.’ कोणाला ती पाहवतही नाही. पतीच्या निधनानंतर कपाळावर कुंकू ठेवायचे की नाही, हेही त्या स्त्रीनेच ठरवायचे; छायाचित्रात ते परस्पर पुसणे किंवा रंगवणे मला गैर वाटते.

अनेक वृद्ध माझ्याकडे हळूच म्हणतात, “डॉक्टर, भिंतीवर लावायला एखादा बरा फोटो काढून ठेवायला हवा.” हे ऐकताच मुले त्यांना गप्प करतात, तसे करू नका. नाहीतर पुढे एखाद्या लग्नाच्या समूहचित्रातून चेहरा कापून काढला जातो आणि खांद्यावर भलत्याच कोणाचा तरी हात राहून जातो. त्यापेक्षा एका सकाळी त्यांना आवडती साडी किंवा सदरा घालू द्या, खिडकीजवळ बसवा, आणि घेतलेल्या छायाचित्रांतून निवड त्यांनाच करू द्या. चष्मा मात्र आधी पुसून द्या.